फिनाईलच्या जाहिरातीतला आवाज

पडदे लावायला म्हणून गेली आणि जाहिरातीत काम करून आली, असं ताईंचा नवरा सगळ्यांना सांगायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तेव्हा त्या एका पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायच्या. फिनाईलच्या जाहिरातीच्या शूटिंगसाठी दुकानातून चार पडदे गेले, त्यातला एक वीतभर लांब निघाला, म्हणून सुईदोरा घेऊन त्यांना पाठवलं. तिथे शेजारणीचं काम करणारी नटी तापाने आडवी झालेली. स्टुलावर चढून पडदा वर घेणाऱ्या ताईंकडे दिग्दर्शकाने बघितलं आणि विचारलं, "ताई, दार उघडून एवढंच म्हणायचं, 'अगं बाई, डाग!' जमेल?"

जमलं. जरा जास्तच जमलं. पहिल्या दोन वेळा त्या लाजत बोलल्या. तिसऱ्यांदा दिग्दर्शक कावला, "अहो, डाग दिसलाय, पाहुणा नाही!" तेव्हा त्यांनी बेंबीच्या देठापासून असा आवाज काढला, की दिवा धरून उभा असलेला माणूस दचकला. तोच ठेवला.

जाहिरात चार वर्षं चालली. बातम्यांच्या आधी, बातम्यांच्या मध्ये आणि हवामान सांगून झाल्यावर पुन्हा एकदा. सुरुवातीला घरात नुसता उत्साह. सासूबाई आल्यागेल्याला टीव्हीसमोर बसवून ठेवायच्या, "थांबा हो, आत्ता येईल आमची सून." पण रोज गोड खाल्लं तरी तोंडाला मिठी बसते, इथे तर नुसतं ओरडणंच होतं. भाजी घेताना पाठीमागून कुणीतरी "डाग!" म्हणून ओरडायचं. लेक शाळेतून रडत आली. "आई, तू परत कधी टीव्हीत जाऊ नकोस."

मग एका वर्तमानपत्राने वाचकांना विचारलं, सगळ्यात डोक्यात जाणारी जाहिरात कोणती? पहिला नंबर फिनाईलचा. वाचकांची पत्रंही छापून आली. एकाने लिहिलं होतं, या बाईचा आवाज आला की आमचं कुत्रं पलंगाखाली शिरतं. दुसऱ्याने लिहिलं, फिनाईल बदलून पाहिलं, बाई काही डोक्यातून जात नाही. नवरा ते हसत हसत मोठ्याने वाचत होता. वाचता वाचता त्याने बायकोकडे पाहिलं आणि पेपर मिटून ठेवला.

त्या दिवसापासून ताईंचा आवाज खाली गेला. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेताने त्या बोलायला लागल्या. पुढे पडद्यांचं दुकान बंद झालं, त्यांनी वर्षभराचा कोर्स केला आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी धरली. अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायचा, डोळ्यात थेंब घालायचे, रोग्याला आत न्यायचं. जाहिरात केव्हाच बंद झाली, केस पिकले, चेहरा कुणी ओळखेना. तेवढं बरं झालं, असं त्यांना वाटायचं. अडचण एकच होती. रोगी सारखे विचारायचे, "काय म्हणालात?" डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्याही, "ताई, त्यांच्या डोळ्यांचं आपण बघू. पण तुमच्यापायी त्यांना आपण बहिरे झालो असं वाटायला लागलंय."

एका सकाळी पुतण्याचा हात धरून एक म्हाताऱ्या बाई आल्या. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशन टाळता टाळता तीन वर्षं घालवलेली. आज ऑपरेशनची तारीख ठरलेली, तरी बाकावर बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत.

"पुढच्या सोमवारी येते," त्या म्हणाल्या.

"आत्या, गेल्या सोमवारीही हेच," पुतण्या म्हणाला.

ताई थेंबांची बाटली घेऊन पुढे झाल्या. "वर बघा. थोडं चुरचुरेल."

म्हातारीने त्यांचं मनगट धरलं. "पुन्हा बोला."

"वर बघा म्हटलं."

"अहो, तुम्ही डागवाल्या! फिनाईलच्या!"

ताईंचा चेहरा पडला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला ना. तुम्ही कसं ओळखलंत?"

"तीस वर्षं आवाजच जोडले मी. दाबला म्हणून आवाज लपतो होय?"

"लोक वैतागले होते हो त्या जाहिरातीला."

"असतील. आमचे हे जन्मापासून आंधळे. टीव्ही लावला की विचारायचे, आता काय दाखवतायत? एकेक जाहिरात काय सांगायची! आधी बासरी, मग वारा, मग कुणीतरी खर्जात म्हणणार, 'आयुष्य'. साबण विकतायत की विमा, मलाच कळायचं नाही, त्यांना काय सांगू? तुमची लागली की मात्र विचारायचे नाहीत. कडी वाजली, चपला वाजल्या, तुम्ही ओरडलात, मग फरशीवर ब्रश. हसून म्हणायचे, 'ही एक जाहिरात मला दिसते.' ते गेल्यावर सहा महिने मी टीव्ही लावला नाही. लावला त्या दिवशी पहिल्यांदा तुम्हीच ओरडलात. बरं वाटलं होतं मला."

बाटलीचं टोपण उघडायचं आणि लावायचं, एवढंच ताईंचं चाललं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग ऑपरेशनला का घाबरता?"

"आंधळेपण माझ्या घरातलं आहे. त्याची भीती नाही. सुरीची ओळख नाही ना."

"मी आत येऊ का तुमच्याबरोबर?"

ऑपरेशनच्या खोलीत ताईंचं काम नसायचं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हिरवा गाऊन चढवला आणि म्हातारीच्या उशाशी उभ्या राहिल्या. डोळा थेंबांनी बधिर केलेला, माणूस मात्र टक्क जागा. ताई पहिलं वाक्य नेहमीसारखं पुटपुटल्या. चादरीखालून आवाज आला, "ऐकू येत नाही!" मग मात्र त्यांनी गळा मोकळा सोडला. "आता पाणी सोडतायत, गार लागेल! आता उजेड हलेल, तुम्ही हलू नका! झालं, अर्धं झालं!" भिंती घुमल्या. डॉक्टरीणबाईंच्या हाताशी असलेली नर्स मास्कच्या आत हसत होती. वीस मिनिटांत म्हातारी बाहेर आली, ती चहा मागतच.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. म्हातारीने तक्त्याच्या वरून चार ओळी न अडखळता वाचल्या, मग ताईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढ्याशाच आहात की! मला वाटलं होतं, चांगल्या धिप्पाड असाल." आणि पुतण्याला म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याची तारीख घे. ह्या असतील तीच."

संध्याकाळी ताईंनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. लेक आता स्वतः नोकरीला लागलेली. ती म्हणाली, "आई, मला वाटायचं, मी रडले म्हणून तू हळू बोलायला लागलीस. किती वर्षं मनात होतं."

"अगं, तुझ्यामुळे कशाला? पेपरातल्या त्या कुत्र्यामुळे!" दोघी इतक्या हसल्या की आतून नवरा विचारत आला, काय झालं.

आता दवाखान्याच्या हॉलमध्ये नंबर पुकारायचं काम ताईंकडेच आहे. परवा एका गृहस्थांनी तक्रार केली, "केवढ्याने ओरडता हो बाई!"

"नंबर ऐकू आला ना? मग चला आत," ताई म्हणाल्या, आणि त्यांना हाताला धरून तक्त्यासमोर घेऊन गेल्या.