चौदावं माणूस

व्हर्ला माइन्ट्सने एकतीस वर्षं टपाल वाटलं. आइल्स क्रीकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवरून रोज नव्वद मैल, गाडीत उजव्या बाजूला बसून, डाव्या हाताने चाक धरायचं आणि उजव्या हाताने फाटकाशेजारच्या पेट्यांत पत्रं टाकायची. एकतीस वर्षांत तिच्या हातून एक पत्र चुकीच्या पेटीत पडलं नाही, असं गाव म्हणायचं. खरं म्हणजे दोन पडली होती. ती तिने अर्ध्या वाटेवरून मागे जाऊन उचलली होती आणि त्याची वाच्यता कुणापाशी केली नव्हती.

निवृत्त झाल्यावर पक्षाने तिला सभेची अध्यक्ष केलं यात नवल नव्हतं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे सांगायचा पहिला मान आयोवाचा. इतर राज्यांत माणसं चिठ्ठी टाकून घरी जातात. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे ऐन हिवाळ्यात, संध्याकाळी सातला, सगळ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, आणि मग डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात शंभरातली पंधरा माणसंही जमली नाहीत तो कोपरा मोडायचा. त्यातल्यांनी दुसऱ्या कुणाच्या कोपऱ्यात जावं, नाहीतर कोट चढवून घर गाठावं. या कामाला मोजण्यात न चुकणारं माणूस लागतं. व्हर्लाने तीन निवडणुका मोजल्या होत्या. ही चौथी.

आपण कुणाच्या बाजूच्या, हे ती त्या संध्याकाळपर्यंत कुणाला कळू द्यायची नाही. तिची शाळेपासूनची मैत्रीण मार्सीन फ्रेरिक्स तिला डिवचायची, "अगं, तुझ्या पोटात शब्द गेला म्हणजे तळघरात गेला. निदान मला तरी सांग!"

"तुला सांगितलं तर वर्तमानपत्र कशाला काढायचं?" व्हर्ला म्हणायची.

पण या वेळी तिने एकाला शब्द दिला होता. पश्चिमेकडच्या एका लहान राज्याचे गव्हर्नर ऑर्कट. ऑगस्टमध्ये त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं, तेव्हा ते भाड्याची गाडी घेऊन तिच्या दारात आले होते. मोठे उमेदवार येत ते मका किती छान आला म्हणून कौतुक करून हात हलवून जात. हा माणूस स्वयंपाकघरात बसला, रूबार्ब पाय या आंबटगोड पदार्थाचे दोन तुकडे खाल्ले आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाला, "हे तुमचे यजमान का?"

हार्लन मागच्या हिवाळ्यात गेला होता. छातीत दुखायला लागलं तेव्हा आमचं तालुक्याचं इस्पितळ बंद होऊन दोन वर्षं झाली होती. पुढचं चाळीस मैलांवर. सत्ताविसाव्या मैलाला हार्लनने तिचा हात सोडला. हे तिने मुलालाही इतकं नीट सांगितलं नव्हतं, ते या परक्या माणसाला सांगून बसली. त्याने बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "हे मी लोकांना सांगितलं तर चालेल? नाव घेऊन?"

तेव्हापासून ऑर्कट प्रत्येक भाषणात 'हार्लनचे चाळीस मैल' सांगू लागले. टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत, आणि व्हर्ला एकटी सोफ्यावर बसून रडायची. नोव्हेंबरात ते पुन्हा आले तेव्हा दारातच तिने त्यांना सांगितलं, "त्या संध्याकाळी मी तुमच्या कोपऱ्यात असेन. माझा शब्द."

ती संध्याकाळ आली तीच हाडं गोठवणारी थंडी घेऊन. सभा लूथरन चर्चच्या तळघरात. व्हर्ला सहालाच पोचली, यादी मांडली आणि सगळ्यांत आधी स्वतःची सही केली. सातला दार लावलं तेव्हा यादीत सत्त्याऐंशी सह्या होत्या. सत्त्याऐंशीचे पंधरा टक्के म्हणजे तेरा पूर्णांक पाच शतांश. आता पाच शतांश माणूस कुठून आणायचा? म्हणून नियम असा, की वरचा पूर्ण आकडा धरायचा. चौदा. तिने फळ्यावर मोठ्या अक्षरात चौदा लिहिलं.

तिची रीत अशी, की आधी आपल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि तिथूनच मोजणी पुकारायची. पण त्या दिवशी म्हातारा डेलमार टेबलाशी येऊन अडून बसला. यादीत त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, आणि ते सुधारल्याशिवाय तो जागचा हलेना. "चाळीस वर्षं मी या पक्षात आहे आणि तुम्हाला माझं नाव लिहिता येत नाही?" त्याची समजूत काढता काढता वेळ झाली. माणसं कोपऱ्याकोपऱ्यांत उभी राहून तिच्याकडे बघत होती. ती तशीच टेबलावरून कागद घेऊन उठली आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोजत गेली. ज्याच्या हातात कागद असतो तो स्वतःला मोजत नाही.

सिनेटर व्हिटकॉम्बबाईंच्या कोपऱ्यात चव्वेचाळीस. दुसऱ्या एका सिनेटरच्या एकोणतीस. ऑर्कटच्या तेरा.

"तेरा!" मार्सीन ओरडली. ऑर्कटचा कोपरा तिनेच जमवला होता. "व्हर्ला, पुन्हा मोज!"

व्हर्लाने पुन्हा मोजलं. तेराच. त्यांत आपण आलोच, असं ती धरून होती. "अर्धा तास आहे," ती म्हणाली. "कुणाला इकडचं तिकडे व्हायचं असेल तर व्हा."

मग मार्सीन खोलीभर फिरली. हातात लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा डबा, तोंडात एकच वाक्य, "एक माणूस द्या हो, एकच!" व्हिटकॉम्बवाल्यांपैकी कुणीतरी हसून म्हणालं, "मार्सीन, लाच द्यायची तर निदान चॉकलेटची तरी आण." ती भावजयीला विनवून आली, दंतवैद्याला विनवून आली. कुणी हललं नाही. जाता येता ती टेबलाकडे बघायची. व्हर्लाला वाटलं, किती वेळ उरला ते विचारतेय. तिने घड्याळ बघून सांगितलं, "पाच मिनिटं."

कोपरा मोडला. आठ जण व्हिटकॉम्बबाईंकडे गेले, चार दुसरीकडे. तेरावा डेलमार, तो कोट घालून घरी गेला, स्पेलिंग दुरुस्त करून घेतल्यावर.

शेवटची बेरीज करताना व्हर्ला अडखळली. बावन्न आणि तेहेतीस, पंचाऐंशी. डेलमार गेला, म्हणजे शहाऐंशी. सह्या सत्त्याऐंशी. तिने पुन्हा बेरीज केली. मग तिने यादी वरून खाली वाचायला घेतली, आणि पहिल्याच ओळीवर तिचा हात थांबला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं.

तळघरात अजून सगळे होते. कॉफीची भांडी विसळली जात होती, मार्सीन डोळे पुसत डब्याचं झाकण लावत होती. "थांबा," एवढंच म्हणायचं होतं. "मी मला मोजलं नाही. मोजणी पुन्हा करू." लोक कुरकुरले असते, पण थांबले असते. आमची माणसं तशी शहाणी आहेत.

 पण व्हर्लाला ऐकू आलं ते फक्त दुसऱ्या दिवशीचं दुकानातलं बोलणं: व्हर्ला माइन्ट्सला सत्त्याऐंशीपर्यंत मोजता येत नाही. तिने पेन उचललं आणि बावन्नचे त्रेपन्न केले. बेरीज जमली. कागदावर ती व्हिटकॉम्बबाईंची झाली. मग तिने फोन लावून आकडे कळवले. पलीकडची मुलगी म्हणाली, "व्वा, तुमचं नेहमीच कसं चोख असतं!"

आमच्याकडे म्हणतात, आयोवातून पुढे जायला तिकिटं तीनच. ऑर्कट चौथे आले, तेही अगदी थोडक्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी माघार घेतली. न्यू हॅम्पशायर या पुढच्या राज्यात त्यांनी सहा कचेऱ्या उघडल्या होत्या. आठ दिवसांनी तिथे मतदान झालं तेव्हा त्या कचेऱ्यांना टाळं लागलं होतं.

एका गावच्या एका कोपऱ्याने राज्याचा निकाल फिरला असता का? नसताच फिरला. हिशेब व्हर्लालाही येत होता. पण अपराधी मनाला हिशेब शिकवून काय उपयोग? तिला दुसराच हिशेब छळत होता. शहाऐंशीचे पंधरा टक्के बारा पूर्णांक नऊ दशांश, म्हणजे तेरा. ती त्या संध्याकाळी आजारी पडून घरी राहिली असती, तर तेरा माणसं पुरली असती. चौदाचा आकडा तिच्याच सहीने झाला होता. स्वतःच उंबरा एक वीट वाढवला आणि स्वतःच त्याच्या बाहेर राहिली.

माघार घेतल्याच्या दिवशी ऑर्कट जुन्या सोबत्यांना फोन करत होते. तिलाही आला.

"व्हर्लाबाई, तुमच्या गावात तेरा माणसं उभी राहिली म्हणे. त्या थंडीत! आणि त्यांतल्या एक तुम्ही. मी हे विसरणार नाही."

"हो," व्हर्ला म्हणाली.

जूनमध्ये तिची बहीण आर्डिथ मॉन्टॅनाहून फोनवर बोलली. त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी येते. आर्डिथने ऑर्कटचा फलक जानेवारीत अंगणात रोवला होता आणि हट्टाने काढला नव्हता.

"झालं बाई आमचं मतदान," आर्डिथ म्हणाली. "रिंगणात उरलेलं नाव एकच. आम्ही काय निवडायचं, कपाळ? तुम्ही पहिल्या पंक्तीला बसता, आमची पंगत बसेपर्यंत पातेली घासायला गेलेली असतात. तुमच्याकडे झालं तरी काय गं? तुझ्या हार्लनचं नाव घेणारा माणूस, त्याला एक कोपरा धड भरता आला नाही तुम्हाला?"

व्हर्ला म्हणाली, दारावरची बेल वाजतेय. बेल वाजली नव्हती. उन्हाळाभर टीव्हीवर व्हिटकॉम्बबाई पोलादाबद्दल बोलल्या, शाळांबद्दल बोलल्या. चाळीस मैलांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हार्लन दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी आपल्या हातून, असं तिला वाटत राहिलं.

पुढच्या वर्षी वॉशिंग्टनहून पक्षाची समिती आली. पहिला मान आयोवालाच का, यावर बाकीची राज्यं कुरबुरत होती, म्हणून समिती गावोगावच्या लोकांचं म्हणणं ऐकत हिंडत होती. शनिवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात दीडशे माणसं जमली. बोलायला सगळ्यांनी व्हर्लाचं नाव सुचवलं. मार्सीनने तिला स्वतःच्या गाडीतून आणलं आणि वाटेत बजावलं, "जास्त सांगू नकोस. मोजणी कशी करतेस तेवढं सांग. तेवढ्यानेच ती माणसं गार होतील."

व्हर्ला उभी राहिली. समोर पाच अनोळखी माणसं. त्यांतल्या एक बाई न्यू जर्सीच्या, तिथलं मतदानही जूनमध्येच. त्यांना बघून व्हर्लाला आर्डिथ आठवली आणि पाठ केलेलं भाषण बाजूला राहिलं.

"मी एकदा चुकले," ती म्हणाली. "मागच्या वेळी. स्वतःला मोजायला विसरले. एका उमेदवाराला चौदा माणसं हवी होती, तेरा भरली. चौदावी मी होते."

 मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. समितीचे अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "एका डोक्यासाठी दीड वर्ष झुरणारी माणसं! मी पंचवीस वर्षं राजकारणात आहे, असं कधी ऐकलं नाही. असे लोक पहिले नसावेत तर कोण असावेत?" शेजारच्याने हे लिहून घेतलं. दंतवैद्याने व्हर्लाच्या पाठीवर थोपटलं. न्यू जर्सीच्या बाईसुद्धा हसल्या.

व्हर्ला बसली. टाळ्या थांबेनात. आयुष्यात कधी मार खाल्ला नव्हता, पण तो असाच लागत असेल असं तिला वाटलं. ती खुर्चीच्या पाठीला धरून पुन्हा उठली.

"अहो, थांबा. मी अर्धंच सांगितलं."

टाळ्या विरळ झाल्या.

"ते मला तिथेच कळलं होतं. घरी जाऊन नाही, दीड वर्षाने नाही. तिथेच, टेबलावर. सगळे अजून खोलीत होते. मी थांबवू शकले असते. नाही थांबवलं. लोक म्हणतील व्हर्लाला मोजता येत नाही, एवढ्यासाठी. मी पेन घेतलं आणि माझं मत दुसऱ्याच्या रकान्यात टाकलं. आणि त्या माणसाला फोनवर सांगितलं, मी तुमच्या कोपऱ्यात होते."

लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावला आणि पाण्याचा पेला जवळ ओढला. दंतवैद्य खाली बघत होता. त्याच्या बाजूची बाई दबक्या आवाजात म्हणाली, "आता गेला आपला नंबर. हिला आजच सुचायचं होतं?"

पहिल्या रांगेतून मार्सीन उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे आम्ही सगळे तिथे उभेच होतो?"

"हो."

"मी डबा घेऊन फिरत होते, तेव्हा दर वेळी तुझ्याकडे बघत होते, व्हर्ला. म्हटलं, हिने कुणालाच शब्द दिला नसेल तर ही तरी येईल. अध्यक्ष म्हणून तुला भीड घालवेना, म्हणून तोंडाने बोलले नाही."

"मला वाटलं तू वेळ विचारतेयस," व्हर्ला म्हणाली.

मार्सीनने पर्स उचलली आणि रांगेतून वाट काढत ती दाराकडे निघाली. तिला अडवावं की जाऊ द्यावं, हे कुणाला कळेना. दार लागल्याचा आवाज झाला. न्यू जर्सीच्या बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "कुठला उमेदवार होता तो?"

व्हर्लाने नाव सांगितलं. बाईंनी ते एकदा पुटपुटून बघितलं आणि शेजारच्यांकडे वळून विचारलं, "हे कोण?"