डोहातली मरळ

वैशाखात नदी उतरली की डोह आणि धार यांच्यामध्ये वीतभर पाण्याची वाट उरते. बाकीचे मासे तेवढ्यातून निघून जातात. मरळ जात नाही. तिची लाल पिल्लं पुंजक्याने वर फिरतात आणि ती खाली राखण करते. आम्ही भोई त्या पुंजक्यावरच गळ टाकतो. भूक नसली तरी ती रागाने गळ धरते.

आज वाट बुजलेली होती. मी गळ टाकून बसले होते. शेजारी माझी लेक सुमन. नवऱ्याने मारलं म्हणून आठ दिवसांमागे आली, दोन्ही पोरं सासूने ठेवून घेतली. आज परत निघाली होती.

"आये, पोरं मोठी होईपर्यंत दिवस काढते तिथं. मग बघू."

"मग काय बघशील? म्हातारपण?"

"तू पण राहिलीसच की."

राहिले खरी. लोक त्याला माया म्हणाले, मी म्हणू दिलं. खरं तर वाट कधी बुजली ते मला कळलंच नव्हतं.

मी गळ गुंडाळला. "चल, मीही येते. पोरं घेऊन संध्याकाळच्या एसटीने चौघं परत येऊ."

"आणि तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना कोण विचारतंय? चपला घाल."