मोरीचं ऐकणाऱ्या निर्मलाकाकू

आम्ही नाशिकला गंगेजवळच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, त्या गल्लीत राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून रिकामाही झाला नव्हता, तोच शेजारच्या निर्मलाकाकू घरात शिरल्या आणि थेट मोरीत गेल्या. नाव नाही, गाव नाही, काही विचारपूस नाही! पदर खोचून त्या मोरीच्या जाळीवर वाकल्या आणि मला म्हणाल्या, "एक बादली ओत गं." मी ओतली. काय करणार? पाणी गेल्याचा आवाज त्यांनी डोळे मिटून ऐकला. "ठीक आहे," म्हणाल्या, "जिथून पाणी जातं ना, तिथूनच ते परत येतं. लक्षात ठेव. चहा झाला का तुमचा, की पाठवू?"

मी सिन्नरकडची. आमच्याकडे लोक पाण्याची वाट बघतात; पाणी येईल म्हणून धास्तावलेली बाई मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते. त्या गेल्यावर मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "शेजार जरा हललेला दिसतोय." त्यावर पलंगावरून माई, म्हणजे माझ्या सासूबाई, कडाडल्या, "हललेला कसला, आगाऊ आहे!" माईंची उजवी बाजू लकव्याने गेली होती, जीभ मात्र पुरती शाबूत होती. तळमजल्याचं घर घेतलं तेही त्यांच्यासाठीच. त्यांना जिना चढवायची भानगड नको, हा आमचा हिशोब.

काकू टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. काका गेल्यापासून एकट्याच राहायच्या. उंचीने बेताच्या, आवाज मात्र असा की पलीकडच्या गल्लीतला माणूस "काय हो?" म्हणून ओ द्यायचा. कुणाच्याही घरी गेल्या की त्यांचा डोळा आधी खाली जमिनीकडे जायचा. फ्रिज जमिनीवर दिसला की नाक मुरडायच्या आणि गव्हाची कोठी जमिनीवर दिसली तर बोलायच्याच. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या वस्तूंच्या दोनच जाती होत्या, बुडती आणि तरती. "ही तुझी लग्नातली पैठणी बुडती आहे, मीनल. वर टाक." माईंच्या गोळ्यांची पिशवी त्यांनी आमच्या दाराशेजारी उंच खुंटीवर टांगायला लावली. रोज गोळी काढताना मला स्टुलावर चढावं लागायचं आणि रोज मी काकूंच्या नावाने बोटं मोडायची.

पण खरी गंमत व्हायची दिव्यांच्या आवसेला. आपण समया, निरांजनं घासतो, पाटावर मांडतो, कणकेचे दिवे करतो. काकूंच्या पाटावर समईशेजारी टॉर्च असायची, चार्जिंगचा दिवा असायचा, मेणबत्त्यांचा पुडा, काडेपेट्या, मोबाईल चार्ज करायचा तो डबासुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू! आणि एकेक पेटवून बघितल्याशिवाय पूजा पुरी व्हायची नाही. पेटला नाही तर त्याला नैवेद्य नाही. त्याच दिवशी पुरुषांची गटारी. आमच्या गल्लीत मात्र कुणाचीही बाटली उघडायच्या आत काकू हातात फावडं द्यायच्या आणि गल्लीचं गटार साफ करून घ्यायच्या. कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "बाबांनो, गटारीला गटार बघायचं असतं, त्यात पडायचं नसतं!" हसत हसत का होईना, सगळे कामाला लागायचे.

आमच्या पहिल्याच आवसेला दिवेलागणीच्या वेळी त्यांनी आमचं मेन स्विच बंद केलं. "समजा, पाणी आलं," त्या अंधारातून म्हणाल्या. "आधी मेन स्विच, मग माणूस, मग बाकी सगळं. आता माईंना वर न्या." वरच्या मजल्यावर अनिता आणि तिचा नवरा राहायचे. त्यांना हाक गेली. माझ्या नवऱ्याने आणि अनिताच्या नवऱ्याने माईंना खुर्चीत बसवून उचललं. माई म्हणाल्या, "मी काय सामान आहे का गं, निर्मला?" काकू म्हणाल्या, "सामान नाही म्हणून तर पहिला नंबर तुमचा." आणि जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली. वर जाईना की खाली येईना. माई शिव्या देत होत्या, अनिता पोट धरून हसत होती, माझा संताप संताप झाला होता. सणासुदीला आजारी माणसाचे हे काय हाल!

काकू मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. खुर्ची परत खाली आणवली. घरातली दुहेरी, जाड गोधडी मागवली, माईंना तिच्यावर निजवलं आणि म्हणाल्या, "आता बायका धरतील." माझा नवरा म्हणाला, "काकू, आम्ही आहोत ना!" तशी त्या म्हणाल्या, "तू त्या दिवशी सिन्नरला कारखान्यात असशील. आणि हा," अनिताच्या नवऱ्याकडे बोट करून, "हा पूर बघायला गेलेला असेल." मग आम्ही तिघी बायकांनी माईंना झोळीत घालून वर नेलं. डोक्याकडची टोकं मी आणि अनिताने धरली, पायाकडची दोन्ही काकूंनी. वळणावर गोधडी कशी तिरपी करायची, कुठे दम घ्यायचा, सगळं ठरलं. माईंनी वर जाऊन कणकेचा दिवा खाल्ला, तूप जास्त घालून.

पुढच्याच श्रावणात धरणातून पाणी सोडलं. भोंगा लावलेली गाडी ओरडत फिरून गेली आणि अख्खं नाशिक पूर बघायला लोटलं. पुराचं आमचं माप म्हणजे नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, असं फोनवर एकमेकांना सांगायचं आणि छातीच्या वर जाईपर्यंत निवांत भजी खायची. मीही निवांतच होते. नवरा सिन्नरला. अनिताच्या नवऱ्याने पुलावरून फोटो पाठवला, पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंतच. मी कुकर लावला.

दुपारी काकू आल्या आणि मोरीत जाऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काकू, पाणी अजून मारुतीच्या कमरेलाही लागलेलं नाही." त्या म्हणाल्या, "मारुती गंगेचं सांगतो गं. घराचं मोरीच सांगते." तेवढ्यात मोरीतून आवाज आला. गुडगुड, मग एक उसासा टाकल्यासारखा, आणि जाळीतून काळं पाणी वर आलं. गल्ली कोरडी होती, उंबरठा कोरडा होता, आणि आमच्या घरात पाणी आतूनच यायला लागलं होतं. काकूंनी मोरीच्या तोंडावर जुनं पांघरूण कोंबलं, वर पाटा ठेवला आणि ओरडल्या, "गॅस! मेन स्विच! गोधडी!"

पाटा किती वेळ दम धरणार? अनिता धावत खाली येईपर्यंत पाणी पलंगाच्या पायांना लागलं होतं आणि पुढच्या दारानेही आत येत होतं. आम्ही माईंना गोधडीवर घेतलं. माई डाव्या हाताने माझी बांगडी घट्ट धरून राहिल्या. वळणावर अनिताचा पाय घसरला, मी किंचाळले. "तिरपी कर, मीनल, तिरपी!" पायाकडून काकूंचा आवाज आला. केली. वर पोचलो. खुंटीवरची पिशवी काकूंनी कधी गळ्यात अडकवली होती कोण जाणे. मी परत वळणापर्यंत उतरून दारातून आत बघितलं, तर आमचा पलंग पाण्यात डुलत होता. ज्या उशीवर घटकेपूर्वी माईंचं डोकं होतं ती तरंगत मोरीकडे चालली होती. मी जिन्यावरच बसले आणि हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा पोचला तेव्हा माई अनिताच्या गॅलरीत बसून पोहे खात होत्या. "शेव नाही का गं?" असं विचारत होत्या. तो काकूंच्या पायावर डोकं ठेवायला वाकला, तर त्या दोन पावलं मागे सरल्या. "पाया नंतर पड. आधी गाळ काढ. वाळला की पहारीलाही ऐकणार नाही." आणि स्वतः खराटा घेऊन आमच्या घरात शिरल्या. त्यांचं स्वतःचं घर अजून तसंच पडलं होतं. मी त्यांचा पदर धरला तेव्हा कुठे त्या थांबल्या. मग आम्ही सगळ्यांनी मिळून दोन्ही घरं धुतली.

माई त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होत्या. स्वतःच्या अंथरुणात, कोरड्या चादरीवर, लेकाच्या हातचं पाणी पिऊन गेल्या. ते सगळे महिने मी काकूंनी दिलेले धरते. त्या दिवसांत काकू रोज दुपारी माईंपाशी येऊन बसायच्या. एकदा माईंनी त्यांना विचारलं, "निर्मला, खरं सांग. मला उचललंस तेव्हा तुला भीती नाही वाटली?"

मला वाटलं, आता काकू त्यांच्या त्या खणखणीत आवाजात काहीतरी ठणकावणार. पण त्यांनी माईंचा निर्जीव उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि इतक्या हळू बोलल्या की मला भाजी निवडायची थांबवावी लागली. "वाटली ना हो. मला तर बारा महिने वाटते. पाऊस नसला तरी वाटते. म्हणून तर एवढं करत बसते. ज्यांना भीती वाटत नाही, ते पूर बघायला जातात."

काकू गेल्या पौषात गेल्या. मी त्यांना इतकी वर्षं शूर समजत होते. त्या भित्र्या होत्या, आणि आपली सगळी भीती त्यांनी दुसऱ्यांच्या उपयोगी पाडली. अशी एखादी भित्री शेजारीण देवाने सगळ्यांना द्यावी.