मामेसासऱ्यांचा फोटो

विजेच्या दिव्यावर जीव टाकणारा आणि तरीही त्याच्यावर काडीचा विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. लढाईच्या दिवसांत सांगलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथले दोन दिवे इतके दांडगे की समोर बसलेल्या माणसाला घाम फुटे. दिव्यांना जोडलेल्या रेझिस्टन्सची दांडी पुढे सारली की उजेड चढे, मागे ओढली की उतरे. मामांचा उजवा हात जन्मभर त्या दांडीवर होता. आमच्याकडे जेवायला आले तरी भात कालवता कालवता तो हात आपोआप मागेपुढे सरके. झोपेतही सरकतो, असं माझी बायको शपथेवर सांगे. कुणाची ओळख करून दिली की मामा नाव विसरत, पण "डावा गाल चांगला आहे" एवढं पक्कं लक्षात ठेवत. आमच्या घरातल्या कंदिलाची वात तर त्यांनी इतक्या वेळा खालीवर केली, की शेवटी बायकोने कंदील उंच खुंटीवर टांगला.

त्यांच्या दिव्यांचा वैरी शेजारीच होता, पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा फिरू लागला की दिवे दबत आणि थांबला की भक्कन उजळत. एकदा साताऱ्याकडचा एक जवान रजा संपवून निघाला होता. खाकी डगला घालून, छाती काढून तो बसला आणि गिरणी सुरू झाली. मामा तडक रस्त्यावर.

"गिरणी थांबवा!"

"आवं मामा, ज्वारी लय पडलीया. तुमचा फोटू मागनं काढा की!" गिरणीवाला पिठाने पांढरा होऊन ओरडला.

"अहो, हा गडी उद्या लढाईवर चाललाय."

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय!" म्हणत त्याने खटका पाडला. दळणाला आलेल्या बायकाही बोलायच्या थांबल्या. फोटो निघाल्यावर सगळ्याजणी दाराशी येऊन "आला का नीट?" विचारून गेल्या.

एवढी माणसं येत-जात, पण संध्याकाळी दार ओढून घेतलं की मामा एकटेच. स्टोव्हवर पिठलं टाकायचं आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसून खायचं. ते पाहून मला फार वाईट वाटे. चाळिशी उलटली होती, लग्नाचं राहूनच गेलं होतं. शेवटी माझ्या बायकोने मनावर घेतलं. तिची एक मैत्रीण कराडला शाळेत मास्तरीण होती, तीही बिनलग्नाची. ती बोलकी आणि हसरी होती. तिच्या घरच्यांनी मामांचा फोटो मागवला. मामांनी मान डोलावली, पण कान लाल झाले होते.

आता अडचण अशी, की हजारोंचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटोच नव्हता, कारण ते खुर्चीत बसल्यावर दांडी धरणार कोण? ती माझ्या हाती आली. मी कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढायचो, उजेड जरा हलायचा आणि मामा तटकन उठून यायचे, "जावईबापू, दबला!" लढाईमुळे फोटो उमटवायच्या काचा मिळत नव्हत्या, तरी एकामागून एक वाया गेल्या. सगळ्यांवर सुरेख उजेडातली रिकामी खुर्ची आणि कडेला धावती बाही. शेवटच्या काचेला मी त्यांना जागेवर धरून ठेवण्यासाठी बोलत राहिलो. "मामा, कराडच्या बाईंनी विचारलंय, दिवसभर 'हलू नका' म्हणणारा माणूस घरात तरी आम्हांला हलू देईल ना?"

मामा हसले. तोंडभर, डोळ्यांनीसुद्धा. मी झाकण काढलं आणि तेवढ्यात गिरणी लागली. पण हसण्याच्या भरात ते उठायचंच विसरले.

काच धुऊन त्यांनी खिडकीशी धरली, तेव्हा मी मागून पाहिली. उजेड दबला होता खरा, चेहरा पुसट आला होता, पण हसणं नीट उमटलं होतं. मी म्हटलं, "हाच पाठवा." त्यांनी मान हलवली. "इतक्या दबल्या उजेडातला माणूस त्यांनी का म्हणून पसंत करावा? नीट काढू. मग पाठवू." आणि माझ्यादेखत त्यांनी काच खरवडून काढली. मी त्यांचा हात धरायला हवा होता, पण सासऱ्याच्या नात्याचा माणूस, धीर झाला नाही. नवी काच यायला दिवाळी उलटली. तोवर कराडचं स्थळ साताऱ्याला जमलं होतं. मामा "बरं झालं" म्हणाले आणि दिवे पुसायला लागले.

पुढे बऱ्याच वर्षांनी कराडच्या मोटारस्टँडवर त्या बाई भेटल्या. बरोबर त्यांची मुलगी होती. बायकोची चौकशी झाली, हवापाण्याचं झालं. मग एकदम त्यांनी विचारलं, "तुमच्या मामांचा फोटो निघाला का हो शेवटी?"

"एकदा निघाला होता. हसत होते. उजेड कमी पडला, म्हणून पाठवला नाही."

मोटार लागली तशी मुलीचा हात धरून निघाल्या, आणि पायरीवरून मागे वळून म्हणाल्या, "पाठवायचा की हो."