गुरुजींची पट्टी

आमच्या प्रार्थनामंदिरातील पेटीच्या एका काळ्या पट्टीवर तांबडा ठिपका आहे. मंदिर स्थापन करणाऱ्या गुरुजींनी तो स्वतः लावला. त्यांचा आवाज खर्जातला. प्रार्थना तिथूनच सुरू होई. ते गेल्यावरही वीस वर्षे तो नेम मी राखला.

काल संध्याकाळी पेटीवर बसलेल्या सुमनताईंचे बोट ठिपका ओलांडून वरच्या सुरावर गेले. थांबवण्यासाठी मी हात उचलला.

"राहू द्या, नाना. गुरुजींच्या पट्टीत आम्ही बायका इतकी वर्षं नुसते ओठ हलवतोय."

"आणि नानांना वाटायचं, आमचं ध्यान लागलंय!" मागून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

मी हात खाली घेतला. खिडकीतून आलेल्या तिरप्या उन्हात धूळ तरंगत होती. स्वर तिच्याही वर चढत गेला. माझा आवाज तिथवर पोचेना, म्हणून मी डोळे मिटून ऐकत राहिलो. शब्द गुरुजींचेच होते. त्यांचा आवाज मात्र त्यांत कुठेच नव्हता, आणि तो शोधावा असेही मला वाटले नाही.

पेटी झाकताना सुमनताईंनी हलकेच विचारले, "ठिपका पुसू का?"

"असू द्या," मी म्हणालो. "निघालो कुठून, ते कळायला हवं."