गैरराजी

वडील गेले तेव्हा कचेरीने मला तेरा दिवसांची रजा दिली. मी डहाणूला मामलेदार कचेरीत कारकून होतो. चौदाव्या दिवशी मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घालून कामावर गेलो, तर टेबलावर कुळांच्या सुनावणीची प्रकरणं रचून ठेवलेली. कामात बरं वाटेल असं सगळे म्हणत होते.

कूळकायद्याची ती वर्षं. दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ आता तिचं मालक व्हायचं होतं. पण त्याने नेमल्या तारखेला साहेबांसमोर उभं राहून ‘मी घेतो’ असं स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. न सांगितल्यास ते कूळ खरेदीस गैरराजी समजायचं, आणि जमिनीवरचा त्याचा हक्क जायचा.

हा शब्द मी दिवसातून आठ-दहा वेळा लिहीत असे. वाचनाची सवय होती, म्हणून एकदा कोश उघडून बसलो. नाराज, नाखूश, असंमत. खाली कुठेही ‘आला नाही’ असा अर्थ नव्हता. अव्वल कारकुनांना तसं सांगितलं, तर ते हसले. “पंडित, अर्थ कोशात राहू द्या. इथे नमुन्यात आहे तेच लिहायचं.”

एके दिवशी पट्टेवाल्याने गंजाड गावाकडच्या एका वारली कुळाचा तीनदा पुकारा केला. त्याच्याकडे कुळाने दोन एकर भातजमीन होती. बाप, आजा, सगळे तीच कसत आले होते. कोणी आलं नाही. जमीनमालक शेटचा मेहता, म्हणजे हिशेबनीस, मात्र सकाळपासून बाकावर बसून होता.

“न येण्याचं काही कारण असेल,” मी म्हटलं. “नाही असं काही तो म्हणालेला नाही.”

मेहता गुजरातीत म्हणाला, “ना नथी बोल्यो, पण हा पण क्यां बोल्यो छे?” होही कुठे म्हणालाय! सगळे हसले. साहेबांनी मान हलवली आणि मी लिहिलं : कूळ गैरहजर, सबब खरेदीस गैरराजी.

सहा दिवसांनी तो आला. पन्नाशीचा, उघड्या पायांनी, तारखेची नोटीस घडी करून कमरेला खोचलेली. त्याचा मोठा मुलगा तापाने गेला होता. दिवस घातल्याशिवाय घरधन्याने पाड्याची वेस ओलांडायची नाही, अशी त्यांची रीत. म्हणून तारीख माहीत असूनही तो घरी बसून राहिला. दिवस झाले, आणि दुसऱ्या पहाटे चालत निघाला.

“कोणाबरोबर निरोप तरी धाडायचा,” पट्टेवाला म्हणाला.

“साहेबाला निरोप? माझ्यासारख्यानं?” तो खरंच चकित झाला. “जमीन कुठे पळते, वाटलं.”

प्रांतसाहेबांकडचं त्याचं अपील मी लिहून दिलं. नियमाने ते माझं काम नव्हतं. गैरहजेरीस पुरेसं कारण, असं लिहून खाली मुलाच्या मृत्यूची हकिकत लिहिली. प्रांतसाहेबांनी मृत्यूचा दाखला मागितला. मुलाची नोंद पोलीस पाटलाकडे केलीच नव्हती. पाड्यातल्या दोघांनी जबानी दिली, ती नातेवाइकांची म्हणून बाजूला ठेवली. माझी रजा मंजूर करताना माझ्याकडे कोणी दाखला मागितला नव्हता.

अपील फेटाळलं. निकालाची नक्कल घेऊन तो माझ्याकडे आला. “वाचा, भाऊसाहेब.”

मी सावकाश वाचून दाखवलं. गैरराजी या शब्दाशी त्याने मला थांबवलं.

“म्हणजे काय?”

“जमीन घ्यायला तुम्ही तयार नाही, असं.”

“हे कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. तुम्ही आला नाहीत, म्हणून तसं धरलं.”

“लिहिलं कोणी?”

“मी.”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. रागाने नव्हे. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

“मग नको असं तुम्ही म्हणालात, भाऊसाहेब. मी नाय म्हणालो.”

त्याच्या बोलण्यात चूक काढावी असं काही नव्हतं. पण त्याला लिहून द्यावं, असा कुठला कागद माझ्याकडे उरलेला नव्हता. त्याने नक्कल घेतली, तिची घडी केली आणि पायऱ्या उतरून गेला. पुढच्या पावसाळ्यात त्याच दोन एकरांत तो शेटचा मजूर म्हणून आवणीला, भाताच्या लावणीला, उभा होता.