पिकअपमधली वाळू

खड्ड्यांच्या रस्त्याने रिकामी पिकअप आली, की ती दिसण्याआधी तिचा मागचा फाळका खडखडताना ऐकू येतो. तो आवाज आला की मला शंकरराव आठवतात.

पोटाच्या ऑपरेशननंतर आईला घरी आणायला त्यांचीच पिकअप मिळाली होती. निघायच्या वेळी ते मागे वाळूची पोती चढवायला लागले. मी वैतागलो, "अहो, आता हे कशाला?"

"रिकामी गाडी उडते, दादा. वजन असलं की स्प्रिंगचे पाटे दबतात, धक्के कमी बसतात."

आई पुढे पोट धरून बसली. गाडी सावकाश, जड अंगाने खड्डे उतरत गेली. ओझ्यानेही प्रवास मऊ होतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

दारात उतरताना आई म्हणाली, "रस्ता नवा केला वाटतं!"

"हो काकू," शंकरराव म्हणाले, "चांगला केलाय."